गोव्यात मोठ्या हॉटेलात दोघांचं सात कोर्सचं डिनर: फोनपासून बिलापर्यंत

दर नोव्हेंबरात मला दोन-तीन फोन हमखास येतात, कधी चुलतबहिणीचा, कधी पुण्याच्या मैत्रिणीचा, आणि विचारणं एकच असतं, की यंदा लग्नाचा वाढदिवस गोव्यात करतोय, एखाद्या भारी हॉटेलात ते पाच-सात कोर्सचं, म्हणजे एकामागून एक वाढून येणारं डिनर करायचंय, पण तिथे नेमकं काय काय असतं, खर्च किती येईल, आणि आपल्याला जमेल का. मी फोंड्यात राहते. आम्ही दोघं वर्षभर थोडे थोडे पैसे बाजूला ठेवतो आणि एकदाच असं जेवायला जातो, सात-आठ वर्षं झाली आता, म्हणून जे जे कळलंय ते एकदाच सगळं लिहून ठेवते.

आधी महत्त्वाचं. ह्या जेवणाचं अर्धं काम फोनवर होतं, जायच्या दोन-तीन दिवस आधी. पैसे, व्हेज-नॉनव्हेज, टेबल कुठलं, गाडी कुठली, हे सगळं आधी बोलून झालं असेल तर तिथे बसल्यावर दोघांना निवांत बोलता येतं. नाहीतर तीन तास मेनूकार्डाच्या उजव्या बाजूचे आकडे बघण्यात आणि एकमेकांना डोळ्यांनी खुणा करण्यात जातात, मी हे स्वतः केलंय म्हणून सांगते.

हॉटेल निवडताना फक्त फोटो बघू नका, अंतर बघा. दोना पावलाजवळ वांयगिणीच्या किनाऱ्यावर सिदाद द गोवा आहे, वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी बांधलेलं, आता ताजकडे आहे, पणजीत उतरला असाल तर सोयीचं. सिकेरीला किल्ल्याच्या बुरुजाला लागून फोर्ट आग्वाद आहे, १९७४ पासूनचं. दक्षिणेत बाणावली, आरोशी, माजोर्डा, मोबोर ह्या पट्ट्यात मोठी रिसॉर्ट्स आहेत, मोबोरला तर एका बाजूला साळ नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. पूर्वी उत्तरेत राहणारी माणसं दक्षिणेत जेवायला जायचं म्हटलं की जुवारीच्या पुलावरच्या ट्रॅफिकला घाबरायची, डिसेंबर २०२२ मध्ये नवा पूल सुरू झाल्यापासून ते बरंच सुटलंय. तरी रात्री अकराला जेवून उठल्यावर पाऊण-एक तासाचा प्रवास कंटाळवाणाच, त्यामुळे माझं मत विचाराल तर जिथे राहताय त्याच्या अर्ध्या तासातलं हॉटेल घ्या.

तारीख ठरवताना दोन गोष्टी बघा. २४ आणि ३१ डिसेंबरला बऱ्याच रिसॉर्टमध्ये गाला डिनर असतं, मोठा बुफे, स्टेज, गाणी, दर कितीतरी जास्त, दोघांनी शांत बसून जेवायचे ते दिवसच नव्हेत. आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, म्हणजे ट्रॉलर समुद्रात जात नाहीत, तेव्हा मोठ्या समुद्री माशांचा कोर्स असेल तर तो बहुतेक साठवणीतला नाहीतर बाहेरून आणलेला असतो. पावसात गोवा सुंदर दिसतो, हॉटेलं रिकामी असतात, दरही उतरलेले असतात, सगळं खरं, पण मासे खाण्यासाठीच जाणार असाल तर नारळी पौर्णिमा होऊ द्या, मग बुकिंग करा.

सूर्यास्त बघायचा असेल तर आठचं बुकिंग काय कामाचं. डिसेंबरात सूर्य सहा-सव्वासहाला बुडतो, जूनमध्ये सात वाजून जातात. साडेपाचला पोहोचायचं, बारमध्ये किंवा हिरवळीवर काहीतरी थंड घेऊन बसायचं, आणि सात-साडेसातला टेबलावर जायचं, हे आम्हाला सगळ्यात आवडतं. किनाऱ्यावर वाळूत टेबल लावून मेणबत्त्यांचं जे प्रायव्हेट डिनर असतं ते फोटोत फार छान दिसतं, पण स्वयंपाकघर लांब असतं त्यामुळे गरम जेवण गरम येत नाही, वाऱ्याने मेणबत्त्या विझतात, आणि संध्याकाळी मच्छर असतात. घ्यायचंच असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्या, आणि बाहेर बसून ड्रिंक झाल्यावर जेवण आत देता येईल का हे विचारा. विचारलं तर बहुतेक हो म्हणतात.

आता फोन. वेबसाइटवरच्या बुकिंगच्या फॉर्मवर भरवसा ठेवू नका, रेस्टॉरंटलाच फोन करा, दुपारी साडेतीन ते साडेपाचच्या मध्ये, तेव्हा त्यांची गर्दी नसते आणि मॅनेजर नीट बोलतो. विचारायचं काय, तर सेट मेनू आहे का की आ ला कार्त, म्हणजे एकेक पदार्थ मागवायचा. सेट मेनूत किती कोर्स आहेत, माणशी दर काय, त्यात टॅक्स धरलाय का, दोघांनी तोच मेनू घ्यायला लागतो का एकाने व्हेज एकाने नॉनव्हेज चालेल. मेनू व्हॉट्सअॅपवर पाठवा म्हणा, पाठवतात.

व्हेजबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण आमचा एक अख्खा वाढदिवस ह्यात गेला. आमची तारीख डिसेंबरातली, म्हणजे बऱ्याचदा मार्गशीर्षात येते आणि त्या वर्षी नेमका गुरुवार आला. दिवसभर माझा उपास होता, रात्री सोडायचा होता. मी ऑनलाइन फॉर्मवर एक व्हेज असं लिहिलं होतं. दक्षिणेतल्या एका मोठ्या रिसॉर्टमध्ये गेलो, सूप आलं, भोपळ्याचं, वर क्रीमची नक्षी. दोन चमचे घेतल्यावर मला वास वेगळा वाटला, मी वेटरला विचारलं, तो आत जाऊन आला आणि त्याचा चेहराच उतरलेला, म्हणाला मॅडम, स्टॉक, म्हणजे सूप ज्या पाण्यात करतात ते, चिकनचा आहे. त्या मुलाचा काही दोष नव्हता, फॉर्मवरची नोंद किचनपर्यंत गेलीच नव्हती. मी चमचा खाली ठेवला. नवरा माझ्यापेक्षा जास्त चिडला, मॅनेजर आले, माफी मागितली, दुसरं सूप आलं, पण ती संध्याकाळ काही परत आली नाही.

तेव्हापासून मी नुसतं व्हेज म्हणत नाही, एकेक गोष्ट सांगते. सूपचा आणि रिसोटोचा, म्हणजे इटालियन मऊ भाताचा, स्टॉक भाजीचा हवा. जिलेटिन नको, कारण पानाकोटा आणि मूस ह्या गोड पदार्थांत बऱ्याचदा ते असतं आणि ते प्राण्यांपासून बनतं. पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा पदार्थ, असतं, ज्यांना चालत नाही त्यांनी आधी सांगावं. थाई काही असेल तर फिश सॉस नको. गोवन मेनूत कालदो व्हेर्द नावाचं हिरव्या पानांचं बटाट्याचं सूप दिसतं, नाव वाचून साधं वाटतं पण त्यावर चोरीसची, म्हणजे पोर्क सॉसेजची चकती असायची पद्धत आहे. आणि अंडं चालत नसेल तर बेबिंक ह्या थराथरांच्या गोवन गोडाच्या आधी थांबा, त्यात अंड्याचा पिवळा बलक भरपूर असतो. त्याऐवजी दोदोल मागा, तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि गूळ, अंडं नाही. कोळंबी-खेकड्याची अॅलर्जी असेल तर नुसतं कोळंबी नको म्हणून भागत नाही, बिस्क नावाचं सूप आणि काही सॉस टरफलं उकळून करतात, त्यामुळे अॅलर्जी हा शब्द स्पष्ट वापरा. हे सगळं फोनवर सांगायचं, आणि तिथे बसल्यावर पाणी ओतायला येईल त्याला पुन्हा एकदा सांगायचं. दोनदा. संकोच करू नका, चांगल्या किचनला हे आधी कळलेलं हवंच असतं, आणि आधी कळलं तर ते आनंदाने काहीतरी वेगळं करून देतात. एकदा माझ्यासाठी खतखतं, म्हणजे आपली गोव्याची मिश्र भाजी, केलं होतं त्यांनी, त्रिफळं घातलेलं, छोट्या पितळी वाटीत, आणि शेफ स्वतः बाहेर येऊन विचारून गेले की घरच्यासारखं लागतंय का. लागत होतं.

टेबल मागताना खिडकीजवळचं मागतात सगळे. त्याबरोबर हेही सांगा की किचनच्या दाराजवळ नको आणि लाइव्ह म्युझिकच्या स्पीकरजवळ तर अजिबात नको, नाहीतर तीन तास ओरडून बोलावं लागतं. समोरासमोर बसण्यापेक्षा कोपऱ्याला काटकोनात बसायला मिळालं तर जास्त बरं, हळू बोलता येतं, एकमेकांच्या ताटातलं चाखता येतं. वाढदिवस आहे हे सांगायचं की नाही तुम्ही ठरवा, सांगितलंत तर कधी सगळा स्टाफ टाळ्या वाजवत केक घेऊन येतो. आम्हाला ते नको असतं, म्हणून मी सांगते की लग्नाचा वाढदिवस आहे पण केक नको, गाणं नको, टेबल फक्त छान द्या. केक हवा असेल तर त्याचे पैसे वेगळे आहेत का तेही विचारून ठेवा.

कपड्यांचं सोपं आहे. पुरुषांना फुल पँट, कॉलरचा शर्ट, बंद बूट, हाफ चड्डी आणि रबरी चपला रात्री बऱ्याच ठिकाणी चालत नाहीत. बायकांनी साडी नेसावी, मी तर कांजीवरम नेसून गेलेय, त्याहून छान तिथे काही दिसत नाही. फक्त एक शाल किंवा स्टोल बरोबर ठेवा कारण एसी भयंकर असतो, आणि वाळूतून किंवा हिरवळीवरून जायचं असेल तर टाचांच्या चपला रुततात.

त्या दिवशी दुपारी हलकं जेवा, पण उपाशी जाऊ नका, पहिला खरा घास पोटात जायला बसल्यापासून अर्धा-पाऊण तास लागतो. चारच्या सुमारास एखादं केळं, थोडे पोहे, बस.

टेबलावर बसलात की काटे-चमचे बघून घाबरायला होतं. नियम एकच, बाहेरून आत यायचं. सगळ्यात बाहेरचे काटा-सुरी पहिल्या कोर्सला, मग त्याच्या आतले, आणि ताटाच्या वर आडवे ठेवलेले गोडासाठी. प्रत्येक कोर्सनंतर वापरलेले घेऊन जातात, चुकीचा उचलला तर वेटर न बोलता दुसरा आणून ठेवतो, कुणी काही म्हणत नाही. डावीकडची छोटी प्लेट पावाची, ती तुमची, आणि उजवीकडचे ग्लास तुमचे. नॅपकिन मांडीवर. मध्ये थांबायचं असेल तर काटा-सुरी प्लेटमध्ये एकमेकांपासून दूर, तिरकी ठेवा, आणि संपलं असेल तर दोन्ही जोडून शेजारी शेजारी, घड्याळात चार वाजल्यासारखी. हे लक्षात ठेवाच, कारण मी एकदा नुसतं बोलायला म्हणून दोन्ही जोडून ठेवली आणि अर्धा मासा निघून गेला.

पहिल्यांदा पाणी विचारतात, स्टिल की स्पार्कलिंग. दोन्ही बाटल्यांचं असतं आणि बाटलीचं बिल लागतं. साधं फिल्टरचं पाणी हवं असेल तर रेग्युलर वॉटर म्हणा, ह्यात कमीपणा काही नाही.

मग पावाची टोपली येते. गोव्यात बऱ्याचदा त्यात पोई असते, कोंडा लावलेली, गरम, आणि लोण्यात कधी लसूण कधी मिरची. इथे हात आवरा, पोई इतकी छान असते की दोन खाल्ल्या की पुढचे चार कोर्स डोळ्यांनीच जेवायचे. त्यानंतर एक घासाचं काहीतरी येतं, त्याला आम्यूज बूश म्हणतात, मेनूत लिहिलेलं नसतं, शेफकडून असतं, पैसे नसतात. मग सूप किंवा सॅलड, मग स्टार्टर, मग मासा, मग मध्येच एक चमचाभर सॉर्बे, म्हणजे गोठवलेलं सरबत, मग मुख्य जेवण, मग गोड, आणि शेवटी कॉफीबरोबर दोन छोटी चॉकलेटं वगैरे. सात कोर्सला अडीच ते तीन तास धरा. दोन कोर्सच्या मध्ये पंधरा-वीस मिनिटं जातात आणि ती जायलाच हवीत, जेवण खूप लवकर लवकर यायला लागलं तर सांगा की जरा सावकाश आणा.

ते सॉर्बे आपल्याकडे कोकमाचं मिळालं तर सोडू नका. आम्हाला एकदा मिळालं होतं, काचेच्या छोट्या पेल्यात, गडद लाल, वर मिठाचे दोन-तीन जाडे खडे, पेल्याला बाहेरून दव आलेलं. जिभेवर ठेवलं की आधी गार, मग आंबट, मग मीठ, आणि माशाच्या रिशाद मसाल्याचा तिखटपणा एका क्षणात पुसला जातो. त्याचं कामच ते, मागची चव धुऊन पुढच्या कोर्सला जीभ मोकळी करायची. सोलकढी आपण जेवणाच्या शेवटी पितो तेव्हा तेच तर करतो.

मेनू निवडायला मिळाला तर माझा सल्ला असा की गोव्यात येऊन फक्त पास्ता आणि स्टेक खाऊ नका. चणक किंवा इसवण असेल तर तो घ्या, ताजा मासा नुसता मीठ-लिंबू लावून भाजलेला सुद्धा अप्रतिम लागतो. काफ्रियाल म्हणजे कोथिंबीर-मिरचीच्या हिरव्या वाटणातलं चिकन, शागोती म्हणजे भाजलेल्या खोबऱ्याची आणि खसखशीची, आपल्या तोंडाला ओळखीची. विंदालू तिखट-आंबट, त्यात व्हिनेगर आणि लसूण, तो बहुतेक पोर्कचा असतो, चालत नसेल तर आधीच विचारा. दोघांनी वेगवेगळं मागवा आणि अर्धं अर्धं करून द्या म्हणा, किचनमधूनच दोन प्लेटमध्ये वाढून आणतात. आणि आमटी-भातासारखं हुमण-भात, म्हणजे माशाची आमटी आणि भात, आलं तर हाताने जेवा, खरंच जेवा, नंतर बोटं धुवायला फिंगर बोल मागायचा.

वाइन घेत असाल तर बाटली ७५० मिलीची, साधारण पाच ग्लास होतात, दोघांना ती जास्त होते, त्यापेक्षा बाय द ग्लास घ्या. बाटली घेतलीच तर आधी लेबल दाखवतात, मागवली तीच आहे ना आणि दर तोच ना एवढं बघायचं. मग ग्लासात थोडीशी ओततात, ती आवडली का हे विचारण्यासाठी नसते, खराब तर झाली नाही ना हे बघण्यासाठी असते. वास घ्या, ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट आला तर सांगा, बदलून देतात, नाहीतर मान हलवली की झालं. तिखट गोवन जेवणाबरोबर जड लाल वाइनपेक्षा नाशिककडची किंचित गोडसर शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन छान जाते. माझा नवरा मात्र फेणीचं कॉकटेल घेतो, काजूच्या फेणीला २००९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, आपल्या मातीतली गोष्ट आहे, तीही चांगल्या हॉटेलात नीट बनवून मिळते. दारू घेत नसाल तर मॉकटेलची जोडी करून द्या म्हणा, हल्ली करतात.

मुख्य जेवण संपलं की वेटर एक छोटी पितळी पट्टी घेऊन येतो आणि टेबलावरचे पावाचे कण हळूच गोळा करतो. ते सुरू असताना हात मांडीवर घ्या आणि थँक्यू म्हणा. स्टाफ कोकणी बोलणारा असेल तर देव बरें करूं म्हणून बघा, चेहरा कसा फुलतो.

गोडाला मी बेबिंक सांगेन. २०२३ मध्ये त्यालाही जीआय मिळाला. नारळाचं दूध, बलक, साखर, तूप, थोडा मैदा, जायफळ, आणि एकेक थर घालून तो वरून भाजून झाल्याशिवाय दुसरा घालायचा नाही, घरी करायचं तर बाईचा अख्खा दिवस त्यात जातो. जुन्या पद्धतीत भांड्याच्या झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवतात. कापलेला तुकडा आडवा धरून बघा, फिकट पिवळी रेघ आणि तपकिरी रेघ, एकीवर एक, मोजता येतात. तो गरम करून द्यायला सांगा, थंड बेबिंकचं तूप जिभेला चिकटतं. एकच मागवा आणि दोन चमचे मागा.

बिल. मेनूवरचा दर म्हणजे शेवटचा दर नव्हे. महागड्या खोल्यांच्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटला जेवणावर १८ टक्के जीएसटी लागतो, बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के. दारूवर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट वेगळा लागतो. समजा जेवण १०,००० चं झालं आणि त्यांनी १० टक्के सर्व्हिस चार्ज लावला, तर ११,००० वर १८ टक्के धरून १२,९८० होतात, सर्व्हिस चार्ज काढला तर ११,८००. आणि सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही, दिल्ली हायकोर्टाने मार्च २०२५ मध्ये हे स्पष्ट सांगितलंय, तो स्वतःहून बिलात घालून वसूल करता येत नाही. सर्व्हिस आवडली नसेल किंवा टीप हातात द्यायची असेल तर शांतपणे म्हणा की हा काढून द्या, वाद न घालता काढतात. नाहीच काढला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. आम्ही तो काढायला सांगतो आणि ज्याने तीन तास उभं राहून वाढलं त्याच्या हातात रोख देतो. मात्र हे आधीच फोनवर विचारून घेतलं तर टेबलावर बोलायची वेळच येत नाही, आणि बिल कोण बघणार तेही घरूनच ठरवून निघा. उरलेलं बांधून मागायला लाजू नका, काही हॉटेलं एका कागदावर सही घेतात, घेऊ दे.

राहिली गाडी. दोघांनीही दारू घेतली असेल तर गाडी चालवायची नाही, रक्तात १०० मिलीला ३० मिलीग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि पैशापेक्षा ते अंधारे वळणाचे रस्ते बघा. मुंबई-पुण्यासारखं रात्री बटण दाबलं की टॅक्सी, असं गोव्यात धरून चालू नका. जाताना ज्या टॅक्सीने जाल त्यालाच परतीचं विचारा, वेटिंग धरून एकच रक्कम ठरवा, नंबर घेऊन ठेवा. गोड खाताना त्याला मेसेज करा, बिल येऊन कार्ड फिरेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं जातात तेवढ्यात तो पोहोचतो, आणि गेटवरच्या सिक्युरिटीला गाडीचा नंबर रिसेप्शनवरून आधीच कळवून ठेवा, नाहीतर ते त्याला बाहेरच थांबवतात आणि साडीत तो सगळा चढ चालत जावा लागतो.